तळ धुवायचा नाही

खोली बघायला गेले तेव्हा सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. गाव कोणतं, नोकरी कुठे, लग्न कधी करणार, संध्याकाळी किती वाजता परत येणार. भाड्याच्या खोलीसाठी एकटी मुलगी गेली की हेच विचारतात. भोपाळमध्ये इंद्रपुरीतल्या त्या दुमजली घराच्या व्हरांड्यात एक उंच, वाळके, हाफ पँट घातलेले म्हातारे गृहस्थ खाली बसून हॉकी स्टिकच्या मुठीला पट्टी गुंडाळत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पायाचा नंबर?"

"काय?"

"बुटाचा नंबर हो. किती?"

"चार."

आता मात्र त्यांनी मान वर केली. चेहरा उजळला होता. "अगं, ऐकलंस का? चार नंबर आलाय! चार!"

आतून काकू हात पुसत आल्या. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला हात लावला. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. फक्त असा आहे."

खोली मला मिळाली. भाडंसुद्धा माझ्या अंदाजापेक्षा कमी निघालं. वरच्या मजल्यावर जवळच्या मोठ्या सरकारी कारखान्यातली शिकाऊ मुलं राहायची आणि काका त्यांना नावानं हाक मारत नसत. सहा नंबर, सात नंबर, दहा नंबर. मी अकोल्याहून आलेली, महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी, जन्मात कधी चेंडूला पाय न लावलेली बाई. त्या घरात मी चार नंबर झाले आणि पुढे चार वर्षं चार नंबरच राहिले.

काका कारखान्यातून रिटायर झालेले. तरुणपणी कारखान्याच्या हॉकी संघात राइट विंगला खेळायचे. वडील नागपूरचे, मध्य प्रदेशाचं दफ्तर भोपाळला हललं तेव्हा त्या दफ्तराबरोबर आलेले कारकून. काकांचा जन्म इथलाच, त्यामुळे त्यांची मराठी अर्ध्या वाटेत हिंदीला जाऊन मिळे. "जरा चक्कर मारून ये, बूट सेट होऊन जाईल," असं ते मला म्हणत, आणि काकू आतून दुरुस्ती करत, "होऊन जाईल काय? बसेल म्हणा."

तर या माणसाचा उद्योग असा होता, की भोपाळभर हिंडून लोकांचं वापरलेलं खेळाचं सामान गोळा करायचं. स्टिक, शिनपॅड, मोजे आणि मुख्य म्हणजे बूट. ते घरी आणून शिवायचं, चिकटवायचं, चमकवायचं. आणि कारखान्यातला कोणी मशीन बसवायला परदेशी निघाला, की त्याच्या सामानात एक पिशवी कोंबायची. तिकडे पोचल्यावर आसपास कुठली मुलं अनवाणी खेळताना दिसतील त्यांना द्यायची. आफ्रिकेत दोन-तीन देशांत भोपाळचे बूट घातलेली मुलं हॉकी खेळत होती. शेजारचे एक गृहस्थ दर वेळी टोमणा मारायचे, "इथे गरीब कमी आहेत का हो?" काका शांतपणे सांगत, "इथल्यांना मी रस्त्यात भेटतो. देतो पण. तिकडच्यांना कोण भेटणार?"

हे झालं साधं. वेडेपणा पुढे होता. कोणताही बूट आपल्या घरातल्या पायानं चालून पाहिल्याशिवाय जायचा नाही, हा नियम. "जो बूट आपल्याला चावतो तो त्यांना पण चावणार." म्हणून तर भाडेकरू नंबर बघून निवडायचे. काकांचा स्वतःचा नंबर आठ, आणि आठ नंबरचे बूट सगळ्यात जास्त यायचे. मग वेळ वाचवण्यासाठी ते उजव्या पायात एका जोडीतला आणि डाव्या पायात दुसऱ्या जोडीतला घालत. भाजीला तसेच, बँकेत तसेच. एकदा तर नागपूरच्या भाच्याच्या रिसेप्शनला एक लाल आणि एक पोपटी बूट घालून स्टेजवर चढले. काकूंनी त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर फोटो काढून घेणं सोडलं.

मलाही सुटका नव्हती. संध्याकाळी क्लास संपवून, खडूनं पांढरी झालेली मी घरी यायची, तर दारात बूट तयार. सलवार-कमीजवर स्टडचे बूट घालून कॉलनीच्या मैदानाला मी किती फेऱ्या मारल्या असतील, देव जाणे. काका कडेला उभे राहून ओरडत, "चालू नको गं, पळ! तिकडच्या पोरी चालणार आहेत का?" पहिले काही दिवस मी मनातल्या मनात खूप चिडायची. नंतर कधीतरी लक्षात आलं, की आपल्याला झोप छान लागते आहे. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, नाहीतर आणखी दोन फेऱ्या वाढवल्या असत्या.

दुसरा नियम तर कोणालाच पटत नसे. बूट वरून धुवायचा, पुसायचा, नाड्या नव्या घालायच्या. पण तळ धुवायचा नाही. रबरी दातांमध्ये रुतून बसलेली माती तशीच ठेवायची. एकदा सहा नंबरनं बिचाऱ्यानं चांगुलपणानं एक जोडी नळाखाली धरून खालूनही घासून काढली. काका आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

या नियमामागची गोष्ट काकूंनी मला मटार सोलता सोलता सांगितली. काका शाळेत असताना अनवाणी खेळायचे. घरात खेळाला किंमत नव्हती. वडिलांच्या मते खेळणारी मुलं पुढे पान-टपरी टाकतात. विभागाच्या संघाची निवड होती, आणि तिथे सांगितलं, बूट नसेल तर मैदानात पाऊल ठेवायचं नाही. काका मैदानाच्या दोरीबाहेर उभे राहून रडत होते. जुन्या शहरातला एक मोठा खेळाडू तिथे आला होता, सगळे त्याला भाईमियां म्हणत. त्यानं बाकावर बसून स्वतःचे बूट काढले आणि या मुलाच्या हातात दिले. "पहन ले खां. और सुन, नीचे से धोइयो मत. पूरा मैदान लगा है इसमें."

"बूट दोन नंबर मोठे होते," काकू म्हणाल्या. "पुढे कागद कोंबून खेळले. निवड झाली. त्या खेळावर कारखान्यात नोकरी लागली, नोकरी लागली म्हणून माझ्या बापानं मुलगी दिली. आता मला सांग, या माणसाला मी कसं समजावू की माती म्हणजे घाण असते?"

मी मटार सोलत राहिले.

या घरात पूर्वी राहिलेला एक नऊ नंबर होता. आता मोठा इंजिनिअर झालेला, पण काकांच्या लेखी नऊ नंबरच. तो कारखान्याच्या कामावर पार पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर गेला होता. त्या बेटाचं नाव काकांना शेवटपर्यंत धड घेता आलं नाही, म्हणून आम्ही सगळे नुसतं 'बेट' म्हणायचो. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "काका, हे बघा," म्हणून त्यानं फोन फिरवला. मागे समुद्र, पुढे गवत, आणि दहा-बारा वर्षांपासून सोळा-सतरापर्यंतच्या मुली अनवाणी हॉकी खेळत होत्या. खेळत कसल्या, उडत होत्या.

"यांना नाताळनंतर शेजारच्या बेटावर स्पर्धेला बोलावलंय," नऊ नंबर सांगत होता. "पहिल्यांदाच. पण तिथे नवं टर्फ आहे. बूट आणि शिनपॅड असल्याशिवाय मैदानात घेणार नाहीत."

काका फोन माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन स्कूटरला किक मारायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो, चहा तरी घ्या!" तोवर ते गल्लीच्या टोकाला पोचले होते.

तो सगळा पावसाळा आणि त्यानंतरचे दिवस घरात बुटांशिवाय विषय नव्हता. मुलींचे लहान नंबर, त्यामुळे तीन, चार, पाच सगळं माझ्या पायांवर. तीनमध्ये मी अंगठा मुडपून पळायची. दसऱ्याच्या आधी सामान पुरं झालं, आणि खंडेनवमीला काकांनी ते व्हरांड्यात मांडलं. मध्ये स्टिका उभ्या केल्या, भोवती बुटांच्या ओळी, झेंडूच्या माळा. हळदीकुंकवाचं ताट घेऊन काका एकेका बुटासमोर वाकत होते.

"जोड्यांना कुंकू?" काकू पुटपुटल्या. "काय हे!"

"जोडे नाहीत, हत्यारं आहेत. हत्यारांची पूजा आजच करतात ना?"

दसऱ्याला ते मिसरोदच्या पुढे जाऊन रस्त्याकडेच्या झाडावरून आपट्याची पानं घेऊन आले आणि प्रत्येक बुटात एकेक पान ठेवलं. पोरींना सोनं. मग खोकी बंद झाली आणि जहाजानं रवाना झाली. त्या संध्याकाळी काकांनी दोन्ही पायांत एकाच जोडीच्या चपला घातल्या होत्या. सुट्टीवर असल्यासारखे दिसत होते.

पुढच्या महिन्यात नऊ नंबरचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. त्याचा चेहरा पाहूनच कळलं. बंदरावर खोकी उघडली होती. त्या बेटावर बाहेरची माती आणि बाहेरचं पान उतरवायला सक्त मनाई. मातीतून रोग येतात, पिकं जातात, म्हणून त्यांचा कायदाच तसा. यांच्या खोक्यात प्रत्येक बुटाच्या तळाला माती आणि प्रत्येक बुटात पान. त्यांनी सगळं जाळलं.

"सगळं?" काकांनी विचारलं.

"सगळं, काका. स्टिकासुद्धा. त्यांचं चुकलं नाही, मीच आधी विचारायला हवं होतं."

काकांनी फोन डोळ्यांजवळ घेतला. मग म्हणाले, "पोरींना काय सांगितलं?"

नऊ नंबरनं मान खाली घातली. मग म्हणाला, "त्या बंदरावर आल्या होत्या. सामान न्यायला. पाय धुऊन आल्या होत्या सगळ्या."

काकांनी फोन बंद केला. त्यांना रागावताना मी पुष्कळदा पाहिलं होतं. त्या दिवशी राग नव्हता. व्हरांड्याच्या पायरीवर बसून ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला काकू गेल्या, तिसऱ्या दिवशीही. जेवताना काकांनी एकदाच सांगितलं, "मला दोरीबाहेर उभं केलं होतं ना, तसं मी त्यांना केलं." काकूंनी त्यांच्या पानात वरण वाढलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्या घरात काकू काही बोलल्या नाहीत, असं त्याआधी मी पाहिलं नव्हतं.

मग काकूच एके सकाळी माझ्या दाराशी आल्या. "तुझ्या क्लासला गावोगावची पोरं येतात ना? त्यांच्याकडे बूट असतील की."

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आमच्या क्लासला बैतूल, हरदा, सिवनीकडून येणारी मुलं-मुली घरून बॅडमिंटनच्या रॅकेटी, शिनपॅड, बूट, सगळं घेऊन येत. परीक्षा होईपर्यंत ते पलंगाखाली पडून राही. मी वर्गात नुसतं विचारलं. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली बुटांचा आणि शिनपॅडचा ढीग लागला. बैतूलची एक मुलगी, चार नंबरचीच, जिल्ह्याकडून हॉकी खेळलेली, बूट घेऊन आली. देताना म्हणाली, "मैडम, एक बार पहन लूँ?" वर्गाबाहेरच्या गॅलरीत ती घालून उभी राहिली. मग काढून दिले. "अब कहाँ टाइम है. वो लोग खेल लें."

मी ते ढीगभर बूट रिक्षातून घरी आणले. काका पायरीवर होते. मी सगळं समोर ओतलं. त्यांनी एक बूट उचलला, उलटा केला, तळाची माती पाहिली. "कुठला हा?"

"बैतूलचा."

"लाल आहे," ते म्हणाले. "आपली काळी."

नऊ नंबर सुट्टीवर भोपाळला येणार होता आणि जाताना विमानानं सामान नेणार होता. स्पर्धेच्या आधी पोचायचं तर एवढी एकच वाट. म्हणजे या वेळी तळ स्वच्छ पाहिजेत, कणभर मातीसुद्धा चालणार नाही. सहा नंबर आणि सात नंबर ब्रश घेऊन खाली आले. मीही ओढणी खोचून बसले. काकांनी आम्हा तिघांच्या हातातून ब्रश काढून घेतले.

"तुम्ही नाही. मी करणार."

रविवारी सकाळी अंगणातल्या नळाखाली ते पाटावर बसले. हातात जुना टूथब्रश, बाजूला चपला शिवायचं दाभण. रबराच्या प्रत्येक दाताभोवती दाभण फिरवायचं, माती सैल करायची, ब्रशनं काढायची, पाणी घालायचं, उन्हात धरून बघायचं. पुन्हा. ज्या माणसानं बूट खालून धुतला म्हणून एका पोराशी बोलणं टाकलं होतं, तो स्वतः ते करत होता, आणि एखादाही बूट घाईनं उरकत नव्हता. मी वर्तमानपत्र समोर धरून बसले होते. वाचत काहीच नव्हते. मला रडू येत होतं आणि ते कशासाठी येतंय हेही मला नीट कळत होतं. काकू दोनदा चहा ठेवून गेल्या, दोन्ही वेळा तो गार झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढं घासून आंघोळ केली नव्हती हो तुम्ही." तेव्हा काका हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

दुपारपर्यंत गढूळ पाण्याची बादली भरली. मी ती मोरीत ओतायला उचलली तर म्हणाले, "थांब." दोन्ही हातांनी बादली घेऊन, वाकडे होत, थांबत थांबत ते कॉलनीच्या मैदानापर्यंत गेले आणि राइट विंगच्या कोपऱ्यात ती ओतून परत आले.

नियमाप्रमाणे बूट चालून बघायचे होतेच. आता मैदानावर नेता येईना, म्हणून काकूंनी हॉलची फरशी फिनेलनं पुसून दिली आणि मी तिथल्या तिथे पळत राहिले, सोफ्यापासून देवघरापर्यंत आणि परत. माझ्या आवाजानं वरच्या दहा नंबरची झोप मोडली तर तो भांडायला खाली आला. काकूंनी त्यालाही दहा नंबरची एक जोडी घालायला लावली. बेटावर दहा नंबरची मुलगी नव्हती, पण काकूंना तेवढंच समाधान.

निघायच्या दिवशी कुंकवाचं ताट कोणी काढलंच नाही. काका बॅगांची चेन लावत होते, वर बघत नव्हते. तेव्हा काकू आत गेल्या, ताट घेऊन आल्या आणि नऊ नंबरच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. "बुटांना नाही चालत ना? नेणाऱ्याला तर चालतं." काकांनी बायकोकडे असं काही पाहिलं, की मी आणि नऊ नंबर दोघंही उगीच बॅगांचे पट्टे तपासू लागलो.

बॅगा बेटाच्या विमानतळावर उघडल्या. तिथल्या माणसानं एकेक तळ टॉर्च मारून पाहिला म्हणे, आणि बंद करून दिल्या. मुली स्पर्धेला गेल्या आणि सगळे सामने हरल्या. नऊ नंबरनं बिचकत बिचकत सांगितलं. काकांनी विचारलं, "सगळ्या खेळल्या?"

"सगळ्या."

"बूट कुणाला चावला?"

"कुणालाच नाही, काका."

"मग झालं की!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुढच्या पिशवीसाठी स्कूटर काढली. आता मात्र ते बूट आला की आधी अंगणातल्या नळाशी बसत. तळ धुतला जाई. कोणाला करू देत नसत आणि त्यावर बोलत नसत. पूर्वी बूट हातात घेऊन ते त्याच्या मैदानाची गोष्ट सांगत. ते बंद झालं होतं. एवढ्या एका गोष्टीनं मला घर थोडं रिकामं वाटे.

पुढे माझं लग्न झालं. आम्ही मिसरोदला फ्लॅट घेतला. माझ्या नवऱ्याचा नंबर सात निघाला. काकांनी लग्नात त्याला सगळ्यात आधी तेच विचारलं. अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी मी इंद्रपुरीला जाते आणि गेले की एखादी जोडी पायात चढवावीच लागते.

मागच्या खेपेला गेले तर बेटावरून व्हिडिओ कॉल चालू होता. नऊ नंबरशेजारी मुलींची प्रशिक्षक बसलेली, ऐसपैस, हसरी बाई, आणि त्यांच्यामध्ये एक उंच मुलगी. तिचे पाय वाढले होते. बूट आता घट्ट होत होते, म्हणून ती ते धाकट्या बहिणीला देणार होती. धाकटी मागे उभी राहून अधीरपणे एका पायावर नाचत होती. प्रशिक्षक बाईनं नऊ नंबरला काहीतरी विचारलं.

"काका," तो म्हणाला, "त्या विचारताहेत, बहिणीला द्यायच्या आधी तळ कशानं धुवायचा? आपण पाठवले तेव्हा फार स्वच्छ होते म्हणतात. तसेच करून द्यायचे आहेत."

काका खुर्चीतून ताडकन उठले. चष्मा खाली पडला. "नो!" ते ओरडले. "नो वॉश! अरे, सांग त्यांना, घरातल्या घरात देताय ना? नीचे नो वॉश! व्होल ग्राउंड... व्होल ग्राउंड इज देअर!"

नऊ नंबरनं ते समजावून सांगितलं. पलीकडे दोघीजणी हसल्या. मग त्या उंच मुलीनं बूट उचलला, उलटा केला आणि फोनच्या अगदी जवळ धरला. दातादातांत माती गच्च बसली होती.

काकांनी फोन हातात धरूनच स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगं, इकडे ये. लौकर ये. मैदान लागलंय बघ."

काकू कणकेच्या हातांनी आल्या, जमिनीवरचा काकांचाच चष्मा उचलून डोळ्यांना लावला आणि वाकून नीट पाहिलं.

"काळी आहे हो," त्या म्हणाल्या. "आपल्यासारखीच."